सुई लावली की गाठ पसरते?

"गाठीला सुई लावू नका, पसरते," हे वाक्य आमच्या धाराशिवकडे अजूनही कानावर येतं. म्हणून या सुईचा थोडा इतिहास.

१८९५ मध्ये रॉन्टगेनला क्ष-किरण सापडले. त्याआधी हाडातलं दुखणं वरून चाचपूनच ओळखायचं. १९३० च्या सुमारास न्यूयॉर्कचे डॉक्टर सुईने गाठीतला कण ओढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहू लागले. १९७१ मध्ये सीटी स्कॅन आला; पुढे त्यावर पाहून सुई मणक्यात नेमकी नेता येऊ लागली. १९८४ मध्ये फ्रान्समध्ये तर गाठीने पोखरलेल्या मणक्यात सुईतूनच सिमेंट भरलं!

आपल्याकडे १९८७ मध्ये बार्शीला देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तीत आपल्या जिल्ह्यातले भूम, परांडा हे तालुकेही होते. तिचे कार्यकर्ते गावोगाव हिंडून लक्षणं समजावत. रोगी उशिरा आला, तर सुई तरी काय करणार?

त्या भीतीत एक कण खरा आहे. हाडाच्या कर्करोगात सुईच्या वाटेवर क्वचित पेशी राहू शकतात. म्हणून पुढे ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच ती वाट ठरवावी लागते. पण मणक्याचा क्षय आणि कर्करोग फोटोत कधीकधी सारखेच दिसतात, औषधं मात्र अगदी वेगळी. फरक कळतो तो त्या ओढलेल्या कणावरूनच.

असो. "सुई नको" म्हणणारं कुणी घरात असेल, तर त्यांना "वाट कोण ठरवणार?" एवढं विचारायला शिकवा. थांबायला नको.