लपवणुकीची जाहिरात : मुंबई उपनगरे आणि सॅनिटरी पॅडचा प्रवास

प्रस्तावना

जाहिरात केवळ वस्तूची माहिती देत नाही. समाज कशाला लाजत होता याचीही नोंद तिच्यात राहते. या दृष्टीने सॅनिटरी पॅडच्या जुन्या जाहिराती हे सामाजिक इतिहासाचे महत्त्वाचे साधन ठरते. मुंबईच्या उपनगरांशी निगडित दोन कंपन्यांच्या आधारे या जाहिरातींतील लपवणुकीच्या वृत्तीचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

पूर्वपीठिका

सोवळे-ओवळे पाळणाऱ्या मराठी घरांत मासिक पाळी गुप्त नव्हती. ‘कावळा शिवला’, ‘बाहेरची झाली’ असे आडवळणाने बोलले जाई. परंतु स्त्री तीन दिवस बाजूला बसे आणि ते घरातील लहानथोरांना दिसे. प्रथम ऋतुप्राप्तीनंतर तर न्हाणाचा समारंभ होऊन मुलीला मखरात बसवले जाई. लपवले जाई ते कापड; ते धुऊन आडोशाला किंवा दुसऱ्या वस्त्राखाली वाळत घातले जाई. म्हणजेच अवस्था उघड आणि साधन झाकलेले, अशी ही व्यवस्था होती.

पाश्चात्त्य बाजारपेठेत लपवणुकीचे स्वरूप निराळे होते. पहिल्या महायुद्धात मलमपट्टीसाठी वापरलेल्या सेल्युकॉटनपासून अमेरिकेत १९२० च्या सुमारास ‘कोटेक्स’ तयार झाले. स्त्रीला विक्रेत्याशी बोलावे लागू नये म्हणून दुकानात पुडे मांडून शेजारी पैशांची पेटी ठेवली जाई. ‘मोडेस’ने १९२८ मध्ये जाहिरातीतच कुपन छापले. ते कापून दुकानदारापुढे ठेवले की एक शब्दही न उच्चारता खरेदी होई.

मुलुंड ते चकाला

जॉन्सन अँड जॉन्सनची भारतीय कंपनी १९५७ मध्ये स्थापन झाली आणि १९५९ मध्ये तिचा पहिला कारखाना मुलुंड येथे सुरू झाला. पुढे या कंपनीची ‘केअरफ्री’ व ‘स्टेफ्री’ ही नावे घरोघरी पोहोचली. दोन्ही नावांत निश्चिंतपणाचे आश्वासन होते. चिंता कशाची, हे मात्र सांगितलेले नव्हते. प्रॉक्टर अँड गॅम्बलने अमेरिकेत १९८३ मध्ये ‘ऑलवेज’ या नावाने आणलेले पॅड भारतात १९८९ मध्ये ‘व्हिस्पर’, म्हणजे कुजबुज, या नावाने आले. या कंपनीचे भारतातील मुख्य कार्यालय अंधेरी (पूर्व) येथील चकाला भागात आहे.

हे आश्वासन उपनगरी जीवनाशी जुळणारे होते. एक-दोन खोल्यांच्या घरात बाजूला बसणे कठीण होते. लोकलने कचेरी गाठणाऱ्या स्त्रीला तर ते अशक्यच होते. बाहेर पडण्याची मुभा मिळाली, परंतु कोणाला कळू नये या अटीवर. विटाळाची जागा डागाच्या भीतीने घेतली. रक्ताऐवजी निळा द्रव आणि शुभ्र पोशाखात वावरणारी तरुणी ही जाहिरातींची ठरावीक भाषा बनली. दुकानदाराने पुडा वर्तमानपत्रात किंवा काळ्या पिशवीत बांधून देणे हा तिचाच पुढचा भाग होता.

मौनाला तडा

‘व्हिस्पर’च्या २०१४ मधील ‘टच द पिकल’ या मोहिमेने लोणच्याला शिवू नये या निषेधालाच आव्हान दिले. २०१५ मध्ये तिला कान येथील जाहिरात महोत्सवात ग्लास लायन विभागाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. ज्या नावाने कुजबुज रुजवली, त्याच नावाने आता उघड बोलण्याचे आवाहन केले. २०२० मध्ये ‘रिओ’ पॅडच्या जाहिरातीत राधिका आपटे यांच्यासह रक्त लाल रंगात दाखवले गेले.

निष्कर्ष

या जाहिरातींनी स्त्रीला वावरण्याचे स्वातंत्र्य सुलभ केले, हे मान्य करावे लागते. मात्र लाज नाहीशी न करता त्यांनी तिला नवे वेष्टन दिले. हे वेष्टन अखेर कचरा वेचणाऱ्या स्त्रीच्या हातात उलगडते. पुण्यातील ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने २०१३ मध्ये वापरलेले पॅड उत्पादक कंपन्यांकडे परत पाठवले. विल्हेवाटीसाठी पॅडसोबत वेष्टन देण्याची जबाबदारी २०१६ च्या घनकचरा नियमांनी उत्पादकांवर टाकली. एका स्त्रीने झाकलेले दुसरीला हाताळावे लागते, ही बाब जाहिरातींनी कधी दाखवली नाही. लपवणुकीचा इतिहास म्हणूनच केवळ लाजेचा नसून श्रमाचाही आहे.