सुपरचार्जर किट घेण्याआधी थोडा इतिहास ऐका

समोर दोन सेंट्रिफ्युगल सुपरचार्जर किट आहेत, घ्यायचं कोणतं? उत्तर इतिहासात सापडतं.

आपल्या कोल्हापूरच्या फाउंड्रीत भट्टीला हवा मारणारा ब्लोअर पाहिलाय ना? तत्त्व तेच. पंखा गरगर फिरतो, हवा कडेला फेकतो, दाब वाढतो. 1902 साली लुई रेनॉने इंजिनासाठी याचं पेटंट घेतलं.

पण हे यंत्र खरं गाजलं ते विमानात. उंचीवर हवा विरळ, म्हणून 1942 च्या स्पिटफायर मार्क 9 च्या मर्लिन इंजिनाला दोन टप्प्यांचा, दोन गिअरचा सुपरचार्जर दिला. विमानाचं इंजिन बराच वेळ ठरावीक आरपीएमवर चालतं, म्हणून ते जमलं.

गाडीचं तसं नसतं. इथे आरपीएम निम्मा झाला की बूस्ट साधारण पाव उरतो. म्हणजे गारगोटीहून राधानगरीमार्गे फोंडा घाट उतरलात, तर परत चढताना हवा तेव्हाच दम कमी! 1954 च्या कायझर मॅनहॅटन गाडीतल्या मॅककलक सुपरचार्जरला यासाठीच पुलीचा रेशो बदलायची सोय होती.

म्हणून किट निवडताना पीक हॉर्सपॉवरवर भाळू नका. 3000 आरपीएमला बूस्ट किती, इंटरकूलर आहे का, तेल स्वतःचं की इंजिनाचं, एवढं विचारा.

आणि हो, आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळेनासा होईल असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 ला चालत नाही. आधी आरटीओत विचारा, मग खिशात हात घाला.