मिठाचा कर आणि ‘सार्वजनिक’ पैसा

ब्रिटिश अमदानीतील करांचा इतिहास आपल्याकडे शिकवला जातो तो दोन पैलवानांच्या कुस्तीसारखा. एका बाजूला मँचेस्टरचे कापड-कारखानदार आणि त्यांच्या तालावर नाचणारे लंडनमधले भारतमंत्री; दुसऱ्या बाजूला मुंबईचे गिरणीमालक, पुण्याच्या सार्वजनिक सभेचे विद्वान आणि पुढे काँग्रेस. कापडावरची आयात जकात ठेवावी की काढावी, या प्रश्नावर ही कुस्ती जवळजवळ पन्नास वर्षे चालली. तिचे वर्णन करणाऱ्या पुस्तकांनी कपाटे भरली आहेत. पण ज्याच्या घामाने आखाड्याची माती भिजत होती, त्याचे नाव या पुस्तकांत सापडत नाही.

मी हा इतिहास नवी मुंबईतल्या एका महाविद्यालयात शिकवतो. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतील पंच्याण्णव गावांच्या जमिनीवर हे शहर वसले. त्या जमिनीत भातशेती होती, खाजण होते आणि मिठागरेही होती. माझ्या वर्गातल्या काही मुलांचे पणजे या आगरांत राबले. काहींचे आजे दुष्काळाने देशावरून हुसकले जाऊन मुंबईच्या गिरण्यांत आले. म्हणजे एकाच बाकावर मीठ पिकवणाऱ्याचा पणतू आणि कापड काढणाऱ्याचा नातू बसलेले असतात. जकातीच्या भांडणात या दोघांचेही पूर्वज होते, फक्त बोलणाऱ्यांत नव्हते.

प्रथम भांडण समजून घेऊ. १८७५ साली व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक याने सर्वसाधारण आयात जकात साडेसात टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आणली, पण कापडावरची पाच टक्के जकात तशीच ठेवली. खजिन्याला ती हवी होती. भारतमंत्री लॉर्ड सॅलिस्बरीने ती काढण्याचा तगादा लावला. नॉर्थब्रुक १८७६ मध्ये राजीनामा देऊन परतला आणि लॉर्ड लिटन आला. लिटनने मार्च १८७९ मध्ये आपल्याच कौन्सिलमधल्या बहुमताला डावलून जाड्याभरड्या विलायती कापडावरची जकात रद्द केली. १८८२ मध्ये उरलेली कापड-जकातही गेली. मुक्त व्यापाराचे तत्त्व म्हणून याचे समर्थन झाले. तत्त्व मोठे सोयीचे होते. लँकेशायरच्या मतदारसंघांना ते विशेष पटत असे.

आता याच वर्षांत मिठाचे काय झाले ते पाहू. मुंबई इलाख्यात मिठावरचा कर मणाला एक रुपया तेरा आणे होता. हा मण म्हणजे आजचे सुमारे ३७ किलो. १८७७ च्या अखेरीस अर्थसदस्य जॉन स्ट्रेची याने मुंबई आणि मद्रास या इलाख्यांत तो अडीच रुपयांवर नेला. मणामागे अकरा आण्यांची वाढ झाली. कारण असे दिले गेले की साऱ्या देशात कराचा दर सारखा व्हावा, बंगालमधला कमी व्हावा, आणि मीठ चोरून नेऊ नये म्हणून उत्तर हिंदुस्थानभर उभारलेले काटेरी कुंपण मोडता यावे. ते कुंपण १८७९ मध्ये खरोखरच मोडले, हेही सांगितले पाहिजे. पण वाढीचा मुहूर्त कोणता? मुंबई आणि मद्रास हेच दोन इलाखे १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळाने पोळले होते. सोलापूर, विजापूर, अहमदनगरकडची माणसे खडी फोडायला गेली होती, आणि रिचर्ड टेंपलने कामावरच्या मजुराचे धान्य दिवसाला एक पौंडापर्यंत खाली आणले होते. ज्या इलाख्यांत माणसे मरत होती त्याच इलाख्यांत मीठ महाग झाले.

मीठ ही वस्तू मोठी विचित्र आहे. श्रीमंत माणूस गरिबाच्या शंभरपट कापड वापरील, पण शंभरपट मीठ खाणार नाही. उलट उन्हात राबणाऱ्याच्या अंगातून मीठ घामावाटे जाते, त्याला ते जास्त लागते. ज्याच्या ताटात भाकरीबरोबर मीठ-मिरचीखेरीज काही नसते, त्याचे कालवणच मीठ असते. कोकणात सुकी मासळी मिठावर टिकते. म्हणजे हा कर डोईपट्टीच होता, फक्त तिचे नाव निराळे होते. आणि तो चुकवायला जागा नव्हती. खाडीकाठी आपोआप साचलेले मीठ उचलणे हा गुन्हा होता. १८९० च्या मुंबई मीठ कायद्याने ही पकड आणखी घट्ट केली. दारात समुद्र, आणि तो वाळवला तर शिपाई दारात.

दुष्काळासाठी म्हणून वर्षाला दीड कोटी रुपये बाजूला ठेवण्याची घोषणा याच सरकारने केली आणि तेवढ्यासाठी नवे कर बसवले. १८७८ च्या नोव्हेंबरात दुसरे अफगाण युद्ध सुरू झाले आणि त्या ओढाताणीत दुष्काळाचा पैसा मागे पडला. यावर राष्ट्रीय पुढाऱ्यांनी टीका केली. ती योग्यच होती. पण खजिना भरतो कोण आणि खजिन्यातून मिळते कोणाला, हा प्रश्न त्या वेळी थेट विचारला तो जोतीराव फुल्यांनी. ऑक्टोबर १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी मांडले की, सरकारच्या उत्पन्नाचा मोठा भाग शेतकऱ्याच्या श्रमातून येतो, वरच्या वर्गांकडून जवळजवळ काही येत नाही, आणि शिक्षणावरचा खर्च मात्र त्या वरच्या वर्गांच्याच कामी येतो. कापडावरची जकात पूर्ण गेली ते हेच वर्ष. मँचेस्टर आणि मुंबई एकमेकांकडे बोट दाखवीत असता जोतीरावांनी बोट दाखवले ते शाळेच्या बाकाकडे.

पुढे रुपयाची किंमत घसरली, विलायतेतले खर्च भागेनात, आणि १८९४ मध्ये आयात जकात परत आणावी लागली. लँकेशायरने पुन्हा आरडाओरडा केला. तडजोड म्हणून १८९६ मध्ये विलायती कापडावर साडेतीन टक्के जकात आणि देशी गिरण्यांच्या कापडावरही साडेतीन टक्के अबकारी बसवली गेली. हा उघड अन्याय होता. टिळकांनी विलायती कापडावर बहिष्काराची हाक दिली. ही अबकारी १९२५ च्या डिसेंबरात थांबेपर्यंत गिरणीमालक तिच्या नावाने खडे फोडत राहिले. पण ज्या गिरण्यांसाठी देशाने न्याय मागितला, त्यांच्या विणकाम खात्यात महारांना प्रवेश नव्हता. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, आणि अस्पृश्याच्या थुंकीने सवर्ण विणकराचा धोटा बाटत असे. चांगला पगार विणकामात होता. आमच्या माणसांना कमी पगाराचे सूतकताईचे खाते. मँचेस्टरची जकात गेली काय आणि राहिली काय, त्या दारावरची जकात कोणी उठवली नाही. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला, तोवर तो ‘कामगारांचा’ प्रश्न मानला गेला नव्हता.

मिठाच्या बाबतीत राष्ट्रीय पुढारी गप्प होते असे म्हणणे खोटेपणाचे होईल. गोखल्यांनी १९०२ च्या अर्थसंकल्पी भाषणात मिठाचा कर कमी करा म्हणून सांगितले. १९०३ मध्ये तो दोन रुपयांवर आला आणि १९०७ पर्यंत एका रुपयावर. १९२३ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळाने नकार दिला असता लॉर्ड रीडिंगने स्वतःच्या अधिकारात तो दुप्पट करून पुन्हा अडीच रुपयांवर नेला, आणि दुसऱ्या वर्षी उतरवावा लागला. लोकांनी निवडलेल्या सभासदांचे ‘नाही’ किती किमतीचे असते, हे त्या वर्षी सर्वांना कळले.

त्याच १९२३ सालात, ४ ऑगस्टला, मुंबई कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. तो सामाजिक सुधारणेचा ठराव म्हणून आपल्याला पाठ आहे. मी विद्यार्थ्यांना तो अर्थसंकल्पाचा दस्तऐवज म्हणून वाचायला सांगतो. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा राखलेले पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असे तो म्हणतो. यात पुण्याची, दयेची भाषा नाही. पैसा ज्यांच्याकडून घेतला त्यांचे पाणी, एवढा साधा हिशेब आहे. महाडच्या नगरपालिकेने १९२४ च्या जानेवारीत चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला आणि तो कागदावरच ठेवला. तेव्हा बोल्यांनी ५ ऑगस्ट १९२६ रोजी दुसरा ठराव आणला: ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डे हे अमलात आणणार नाहीत त्यांचे अनुदान रोखा. सनातनी मनाला धर्मशास्त्राचे वचन पचवता येते, अनुदान बंद झालेले पचत नाही, हे बोल्यांनी ओळखले होते.

बाबासाहेब कौन्सिलात आले ते १९२७ मध्ये. कोलंबियातला त्यांचा १९१५ चा प्रबंध ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभार आणि अर्थव्यवहारावर होता. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यामुळे २४ फेब्रुवारी १९२७ च्या अर्थसंकल्पी भाषणात त्यांनी नेमके मर्म पकडले. प्राप्तिकरात एका मर्यादेखालच्या उत्पन्नाला सूट आहे. शेतसाऱ्यात एक एकरवाल्यालाही नाही. पुढे १२ मार्चला शिक्षणाच्या मागणीवर बोलताना त्यांनी दोन आकडे शेजारी ठेवले: सरकार माणशी चौदा आणे शिक्षणावर खर्च करते आणि माणशी दोन रुपयांहून अधिक दारूच्या अबकारीतून वसूल करते. जितके लोकांकडून अबकारीत घेता, निदान तितके तरी त्यांच्या शिक्षणावर घाला, एवढेच त्यांचे म्हणणे. हे बोलून आठवडा उलटतो न उलटतो तोच, २० मार्चला, ते महाडच्या तळ्याच्या पायऱ्या उतरत होते. या दोन घटना आपण दोन वेगळ्या प्रकरणांत शिकवतो. मला त्या एकच वाटतात. सवर्णांनी त्यानंतर न्यायालयात धाव घेतली आणि दावा केला तो काय? तळे ‘खासगी’ आहे. सार्वजनिक पैशाची वस्तू म्हणून ती राखता येत नाही, हे त्यांनाही पुरते समजले होते. मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी त्यांच्याविरुद्ध निकाल दिला.

मिठाचा कर १९४७ च्या एप्रिलपासून रद्द झाला. गांधीजींच्या सत्याग्रहाची पूर्तता म्हणून त्याचे स्वागत झाले. पण सप्टेंबर १९५४ मध्ये राज्यसभेत अनुसूचित जातींच्या प्रश्नावर बोलताना बाबासाहेबांनी अनेकांना चक्रावून टाकणारी सूचना केली. मिठाचा कर पुन्हा बसवा, त्याचा बोजा आता कोणाला जाणवणार नाही. त्यातून गांधीजींच्या नावाने एक निधी उभा करा आणि तो पैसा अस्पृश्यांना पडीक जमिनीवर स्वतंत्रपणे वसवण्यासाठी खर्च करा. ज्याने करांचा हिशेब इतक्या कठोरपणे मांडला, त्याने गरिबाच्या मिठावर पुन्हा कर मागावा? मुले हा प्रश्न वर्गात हटकून विचारतात. मी त्यांना भाषण पुन्हा वाचायला सांगतो. लिटनच्या कौन्सिलात मिठाच्या करावर निर्णय घेताना तो पैसा कोणाच्या हाती जाईल हे आधीच ठरलेले होते. १९५४ मध्ये बाबासाहेब कराच्या आधी हात ठरवीत होते, आणि त्या हातात जमीन देऊ पाहत होते. सरकारने तो निधी उभारला नाही.