डोमेन नाव व व्यापारचिन्ह

डोमेन नाव व व्यापारचिन्ह : संगणकांच्या जागतिक जाळ्यावरील संकेतस्थळाचा पत्ता म्हणून नोंदविलेल्या, सहज स्मरणात राहणाऱ्या नावास डोमेन नाव म्हणतात. एका व्यावसायिकाचा माल वा सेवा इतरांपासून वेगळी ओळखता यावी म्हणून वापरलेले नाव, अक्षरे, आकृती किंवा यांचा समुच्चय म्हणजे व्यापारचिन्ह होय. डोमेन नाव प्रथम मागणाऱ्यास मिळते; व्यापारचिन्हावरील हक्क मात्र वापर, लौकिक व कायदेशीर नोंदणी यांतून निर्माण होतो. या भेदामुळे एकाच नावावर दोघांनी हक्क सांगण्याचे प्रसंग विसाव्या शतकाच्या अखेरीपासून उद्‌भवू लागले.

पूर्वपीठिका : नावावरून मालाची पारख करण्याची प्रथा जुनी आहे. वऱ्हाडातील कापूस लिव्हरपूलच्या बाजारात अमरावतीच्या नावावरून ‘ऊमरा’ म्हणून ओळखला जाई. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) हिंदी कापसाची मागणी वाढली, तसे भेसळीचे प्रकारही वाढले. त्यांस आळा घालण्यासाठी मुंबई इलाख्यात १८६३ मध्ये कायदा करावा लागला. १९२५ च्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांविषयीच्या अधिनियमाने रुईच्या प्रत्येक गाठीवर कारखान्याचे नेमून दिलेले चिन्ह व अनुक्रमांक उमटविणे बंधनकारक केले. गाठ न फोडता तिचा उगम कळावा, हा त्यामागील हेतू होता. इंग्लंडमध्ये व्यापारचिन्हांच्या नोंदणीचा कायदा १८७५ मध्ये झाला. हिंदुस्थानात १८८९ च्या कायद्याने खोटी चिन्हे वापरणे गुन्हा ठरविले. नोंदणीची सोय मात्र १९४० च्या अधिनियमाने झाली. त्याची जागा १९५८ च्या व पुढे १९९९ च्या अधिनियमाने घेतली. हा शेवटचा अधिनियम १५ सप्टेंबर २००३ रोजी अंमलात आला.

डोमेन नावांचा उदय : संगणकांना अंकांऐवजी नावांनी संबोधण्याची पद्धती १९८३ मध्ये सिद्ध झाली आणि १९८५ पासून ‘डॉट कॉम’ नावांची नोंदणी होऊ लागली. भारतात सर्वसाधारण ग्राहकांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. ‘डॉट इन’ या भारतीय नावांची नोंदणी २००५ मध्ये सर्वांस खुली झाली. २०१४ मध्ये देवनागरी लिपीतील ‘.भारत’ ही नावे उपलब्ध होऊन मराठी नाव मराठी अक्षरांतच नोंदविता येऊ लागले. रोमन लेखनात एकच नाव अनेक प्रकारे लिहिले जाते. इंग्रजी अमदानीत यवतमाळचे रोमन लेखन ‘येओतमल’ असे वाचले जाईल अशा अक्षरांनी होई, आज ते निराळे आहे. डोमेन नावात एका अक्षराचा फरकही पत्ता बदलतो. म्हणूनच प्रसिद्ध नावाशी एका अक्षराने भिन्न असलेले नाव नोंदवून ग्राहक वळविण्याचे प्रयत्न झाले.

न्यायनिर्णय : अशाच एका प्रकरणात ‘रेडिफ’ या मुंबईच्या संस्थेने ‘रॅडिफ’ हे नाव घेणाऱ्याविरुद्ध दावा केला. डोमेन नाव हा निव्वळ पत्ता नसून व्यापारचिन्हाइतकेच संरक्षण त्यास मिळावयास हवे, असे मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ मध्ये म्हटले. त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने ‘याहू’च्या बाजूने असाच निर्णय दिला. सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये हे तत्त्व मान्य केले. डोमेन नावांसाठी स्वतंत्र कायदा नसला, तरी आपला व्यवसाय दुसऱ्याचा म्हणून भासविण्याविरुद्धचा सामान्य न्याय त्यांनाही लागू पडतो. मात्र व्यापारचिन्हाचे संरक्षण देशापुरते असते, तर डोमेन नाव जगभर एकमेव असते, असा फरक न्यायालयाने दाखविला.

तथापि प्रत्येक साम्य हक्कभंग ठरत नाही. ‘रेमंड’ हे नाव ठाण्याच्या लोकर गिरणीतून प्रसिद्धीस आले आणि त्याच नावाच्या उद्योगसमूहाने यवतमाळ येथे डेनिम कापडाचा कारखाना काढला. या कंपनीने रेमंड फार्मास्युटिकल्स या औषध कंपनीविरुद्ध दाद मागितली; परंतु दोहोंचे व्यवसाय भिन्न असल्याने मुंबई उच्च न्यायालयाने २०१० मध्ये अंतरिम मनाई हुकूम नाकारला. नोंदणीपेक्षा आधीचा वापर श्रेष्ठ, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने तिरुनेलवेलीच्या एका हलवा विक्रेत्याच्या प्रकरणात २०१५ मध्ये पुन्हा प्रतिपादिले.

नोंदणीपूर्व दक्षता : डोमेन नाव उपलब्ध आहे, याचा अर्थ ते वापरण्याचा हक्क मिळाला, असा होत नाही. म्हणून प्रथम व्यापारचिन्ह नोंदणी कार्यालयाच्या अभिलेखात समान व समध्वनी चिन्हांचा शोध घेणे इष्ट असते. माल व सेवा यांचे ४५ वर्ग असून शोध संबंधित वर्गांत घ्यावा लागतो. रुई २२ व्या, सूत २३ व्या, कापड २४ व्या, तयार कपडे २५ व्या आणि बियाणे ३१ व्या वर्गात मोडतात. नोंदणी न केलेल्या, पण बाजारात रुळलेल्या नावांचाही विचार करावा लागतो. स्वीकृत अर्ज व्यापारचिन्ह नियतकालिकात प्रसिद्ध झाल्यावर चार महिन्यांत हरकत घेता येते. नोंदणी दहा वर्षांसाठी असून तिचे नूतनीकरण करता येते.

केवळ स्थळवाचक नाव सहसा व्यापारचिन्ह म्हणून नोंदविता येत नाही. ‘यवतमाळ कापूस’ यासारखे डोमेन नाव एखाद्यास मिळू शकेल, पण त्यामुळे जिल्ह्यातील इतर कापूस व्यापाऱ्यांना आपल्या गावाचे नाव वापरण्यास मज्जाव करता येणार नाही. प्रदेशाचे वैशिष्ट्य जपण्यासाठी भौगोलिक उपदर्शनाचा स्वतंत्र कायदा आहे; नागपुरी संत्र्यास २०१४ मध्ये तशी नोंदणी मिळाली.

वादाचे निवारण : ‘डॉट कॉम’ नावांसाठी १९९९ पासून, तर ‘डॉट इन’ नावांसाठी २००५ पासून लवादाची सोय आहे. नाव फसवे साधर्म्य असलेले आहे, प्रतिपक्षाचा त्यावर रास्त हक्क नाही आणि त्याचा हेतू अप्रामाणिक आहे, असे तक्रारदारास दाखवावे लागते. लवाद नाव रद्द वा हस्तांतरित करण्याचा निर्णय देऊ शकतो. नोंदणीकृत चिन्हाच्या भंगाचा दावा जिल्हा न्यायालयाहून खालच्या न्यायालयात चालत नाही. चिन्हाच्या मालकास तो स्वतःच्या निवासाच्या वा व्यवसायाच्या ठिकाणीही दाखल करता येतो. त्यामुळे यवतमाळच्या व्यावसायिकास परगावी जाणे अनिवार्य नसते.

या संरक्षणाचा अंतिम लाभार्थी ग्राहक होय. कापूस उत्पादक बियाण्याची पिशवी तिच्यावरील नावाच्या भरवशावर घेतो. नाव फसवे निघाल्यास त्याचा पूर्ण हंगाम वाया जाऊ शकतो आणि नंतर मिळालेला न्यायनिर्णय तो हंगाम परत आणू शकत नाही.