चिकित्सक विचार आणि धर्मश्रद्धा
चिकित्सा वाढली की श्रद्धा ओसरते, हे समीकरण धाराशिव जिल्ह्यातील तेरचे कुंभार संत गोरोबाकाका यांच्या आख्यायिकेपुढे लटके पडते. संतमेळ्यात मुक्ताबाईंच्या सूचनेवरून गोरोबांनी थापटण्याने एकेकाचे डोके ठोकून पाहिले. चिडलेले नामदेव कच्चे मडके ठरले. पुढे औंढा नागनाथला पिंडीवर पाय टाकून पहुडलेल्या विसोबा खेचरांनी ‘पिंड नसेल तिथे माझे पाय ठेव’ असा पेच त्यांना घातला. ही कथा इतिहास नव्हे. पण ती जपणाऱ्या परंपरेला परीक्षा आणि युक्तिवाद परके नव्हते, हे उघड आहे.

ही परीक्षा अहंकाराची, देवाच्या अस्तित्वाची नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. तरीही विसोबांच्या पेचाने देव मूर्तीपुरताच असतो ही समजूत मोडली. श्रद्धा विझली नाही, तिचा आशय बदलला. चिकित्सेने श्रद्धा घटते का, याबाबत प्रयोगांचा कौलही डळमळीत आहे. रोदँच्या ‘विचारवंत’ शिल्पाचे चित्र पाहणाऱ्यांची देवश्रद्धा घटते, असे मानसशास्त्रज्ञ जर्वे आणि नोरेन्झायन यांनी २०१२ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात मांडले, पण २०१७ मधील पुनर्प्रयोगात तो परिणाम आढळला नाही. विश्लेषक वृत्ती आणि अश्रद्धा यांचा सहसंबंध काही पाहण्यांत दिसतो, पण तो क्षीण असून समाजागणिक बदलतो. घरचे संस्कार आणि आसपासचा आचार यांचे वजन त्याहून जास्त असावे. तुळजापूरच्या वाटेवर चालणाऱ्यांत हिशेबात पक्की माणसे कमी नसतात.