दुभाष्याची शपथ

घरात कर्णबधिर मूल असले की त्याच्या खुणा आधी आई शिकते, मग भावंडे. पुढे त्याच्या वतीने बोलण्याची सवय साऱ्या घराला लागते. न्यायालयात मात्र हीच माया अडचणीची ठरू शकते, असे इतिहास आम्हांला सांगतो.

जन्मतः मूकबधिर असलेला माणूस निर्बुद्ध, असे जुना इंग्लिश कायदा गृहीत धरी. 1786 साली लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात असा एक साक्षीदार उभा राहिला. वकिलाने हरकत घेतली. तरीही न्यायालयाने साक्षीदाराच्या बहिणीला दुभाषी म्हणून शपथ दिली व तिच्यामार्फत साक्ष ऐकली.

आपल्या 1872 च्या पुरावा कायद्याने भर न्यायालयात खुणांनी दिलेली साक्ष तोंडी साक्षच मानली. राजस्थानातील एका खून खटल्यात मृताच्या मूकबधिर पत्नीच्या खुणांचा अर्थ तिच्या वडिलांनी सांगितला होता. 2012 साली सर्वोच्च न्यायालयाने आरोपीची सुटका कायम ठेवताना बजावले की, दुभाषी साक्षीदाराच्या परिसरातील असावा. पण खटल्यात त्याचा हितसंबंध नसावा आणि त्याला शपथ दिली जावी. 2013 च्या दुरुस्तीने दुभाष्याचे किंवा विशेष शिक्षकाचे साहाय्य आणि साक्षीचे चित्रीकरण बंधनकारक झाले. 2024 पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष अधिनियमानेही ते कायम ठेवले.

दुभाष्याने पदरचा शब्द घालू नये, ऐकवेनासा शब्द गाळू नये. घरातही आम्ही एवढे पाळले, तर त्या मुलाचे म्हणणे त्याचेच राहील.