कांगारूची शेपटी आणि मद्रासचा नकाशा

कातडी, हाडे, कंडरा, कूर्चा, डोळ्यावरचा पारदर्शक पडदा: या सगळ्यांना बळ देणारे प्रथिन एकच, कोलॅजन. माणसाच्या अंगातल्या एकूण प्रथिनांपैकी जवळपास एक तृतीयांश भाग त्याचाच. तरीही १९५२ साली त्याचा रेणू नेमका कसा रचलेला असतो, हे कुणालाही खात्रीने सांगता येत नव्हते. आदल्याच वर्षी लायनस पॉलिंग यांनी सुचवलेली रचना क्ष-किरणांच्या चित्रांशी जुळली नव्हती.

त्या वर्षी इंग्लंडचे स्फटिकशास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल मद्रास विद्यापीठात आले, तेव्हा हा अडलेला प्रश्न त्यांनी तिथल्या पदार्थविज्ञान विभागाच्या नव्या प्रमुखांच्या कानावर घातला. जी. एन. रामचंद्रन नुकतेच बंगळूरहून आले होते. वय जेमतेम तीस. सी. व्ही. रामन यांचे विद्यार्थी, केंब्रिजची पीएच.डी. घेतलेले, आणि हाती लागलेला प्रश्न न सोडणारे.

या प्रश्नाला मद्रासइतकी सोयीची जागा क्वचितच मिळाली असती. चामड्याचा धंदा शहराच्या अंगात मुरलेला, आणि १९४८ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय चर्म संशोधन संस्था अड्यारला, हाकेच्या अंतरावर. कातडे कमावणे म्हणजे कोलॅजनच्या धाग्यांना सडण्यापासून वाचवणे. कोल्हापुरी वहाणेसाठी बाभळीची साल आणि हिरडा वापरतात, तेव्हा त्यांतली टॅनिन या धाग्यांना घट्ट चिकटते. उलट तेच कातडे पाण्यात उकळत ठेवले तर धागे उलगडतात आणि हाती सरस येतो. चांभाराला आणि सरस करणाऱ्याला हे पिढ्यान् पिढ्या ठाऊक होते. असे का होते, ते मात्र रेणूची रचना कळल्याशिवाय सांगता येणार नव्हते.

कोलॅजनचे पहिले नमुने शेजारच्या चर्म संस्थेतून मिळाले. सर्वांत रेखीव चित्रे मात्र निघाली ती कांगारूच्या शेपटीतल्या कंडरेची. गोपीनाथ कर्था यांच्या साथीने रामचंद्रन यांनी ती चित्रे आणि जीवरसायनतज्ज्ञांचे आकडे समोर ठेवले. कोलॅजनमधले सुमारे एक तृतीयांश घटक ग्लायसीनचे असतात, ही त्यांतली मोठी खूण. म्हणजे दर तिसऱ्या जागी ग्लायसीन. आणि अशा घटकांच्या तीन साखळ्या एकमेकींना बिलगल्या, तर मधल्या चिंचोळ्या जागेत मावणारे अमिनो आम्लही तेवढेच, कारण त्याची बाजूची शाखा म्हणजे एकटा हायड्रोजन. १९५४ मध्ये ‘नेचर’मध्ये तीन साखळ्यांची रचना छापून आली. प्रत्येक साखळीला आणखी एक पीळ द्यावा लागतो, हे पुढच्या वर्षी कळले. चंद्र पृथ्वीभोवती फिरताना तिच्याकडे एकच बाजू ठेवतो, तसे ग्लायसीनचे तोंड सतत आत राहायला हवे, असे रामचंद्रन यांना सुचले होते.

लगेच केंब्रिजहून हरकत आली. फ्रान्सिस क्रिक आणि अलेक्झांडर रिच यांनी जवळपास तशीच तीनपदरी रचना मांडली, पण दर तीन घटकांमागे साखळ्यांना जोडणारा हायड्रोजन बंध एकच धरला. मद्रासच्या रचनेत ते दोन होते, आणि त्यासाठी काही अणू फारच जवळ आणावे लागले, असा त्यांचा आक्षेप होता.

दुसरा कुणी असता तर पत्रापत्रीत अडकला असता. रामचंद्रन यांनी उलटा प्रश्न घेतला: दोन अणू मुळात किती जवळ येऊ शकतात? छापून आलेल्या स्फटिकरचनांमधून त्यांनी अंतरे गोळा केली. मग व्ही. शशिशेखरन आणि सी. रामकृष्णन यांच्यासह प्रथिनाच्या साखळीतला प्रत्येक सांधा फाय आणि साय या दोन कोनांत फिरवून पाहिला. कोणत्या जोडीला अणू एकमेकांवर आदळतात, कोणत्या जोडीला नाही, हे हिशेबाने ठरवले. १९६३ मध्ये तो नकाशा प्रसिद्ध झाला. बहुतेक भाग निषिद्ध, मोजकी बेटे मोकळी. ग्लायसीनला मात्र फिरायला बरीच जास्त जागा. त्या वेळी जगात अणूंच्या पातळीवर रचना कळलेली प्रथिने बोटांवर मोजण्याइतकी होती. पुढे हजारोंनी रचना उलगडल्या, आणि नवी रचना बरोबर आहे का, हे तपासताना आजही आधी रामचंद्रन नकाशा काढतात. तीनपदरी रचनेपेक्षा हे काम मोठे, आणि ते हरकतीतून जन्मले.

जागेच्या या अडचणीची किंमत शरीरही मोजते. कोलॅजनमधल्या एका ग्लायसीनच्या जागी दुसरे, जाडजूड अमिनो आम्ल आले, की साध्या धक्क्यानेही हाडे मोडण्याचा जन्मजात आजार होऊ शकतो. क जीवनसत्त्व नसेल तर कोलॅजनमधल्या प्रोलीन या अमिनो आम्लावर हायड्रॉक्सिल गट बसत नाहीत, मग शरीराच्या उष्णतेला पीळ टिकत नाही. स्कर्व्हीत हिरड्यांतून रक्त येते ते त्यामुळेच.

बंध एक की दोन, याचा निकाल १९९४ मध्ये लागला. अमेरिकेत हेलन बर्मन आणि सहकाऱ्यांनी कोलॅजनसारखा छोटा रेणू घडवून त्याचा स्फटिक तपासला. पीळ तीनपदरीच निघाला. साखळ्यांमधला थेट बंध मात्र क्रिक आणि रिच म्हणाले तसा एकच. त्या रेणूत प्रत्येक साखळीत एका ग्लायसीनच्या जागी मुद्दाम अ‍ॅलनीन बसवले होते. नेमक्या तिथे पीळ सैल पडला होता, थेट बंध तुटले होते, आणि त्यांच्या जागी पाण्याचे रेणू शिरले होते.